विमान साडेआठ हजार फूट ‘कोसळले’ नव्हते

महोदय,
२१ मे २०२५ रोजी दिल्लीहून श्रीनगरला निघालेले इंडिगोचे विमान पठाणकोटजवळ गारपिटीच्या ढगात सापडले होते. त्याची आठवण निघाली की ‘विमान साडेआठ हजार फूट कोसळले’ असे अजूनही ऐकू येते. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) निवेदनातला ८,५०० फूट हा आकडा मिनिटामागचा, म्हणजे खाली येण्याचा वेग होता.

उन्हाळी दुपारी घार पंख न हलवता ज्या वाऱ्यावर वर चढते, त्याचाच दांडगा थोरला भाऊ अशा ढगात असतो. ढगातला वर उसळणारा झोत आला की पंखाला हवा भिडण्याचा कोन एकदम वाढतो. विमान वर ढकलले जाते. उंची राखायला ऑटोपायलट नाक खाली दाबतो, तसा वेग वाढतो आणि अतिवेगाचा इशारा वाजू शकतो. पुढे हवा खाली ओढू लागली की उलटे : नाक वर, वेग कमी आणि ‘स्टॉल’चा, म्हणजे पंखांची उचल सुटण्याचा इशारा. त्या दिवशी दोन्ही वाजले. हा कोन मोजणाऱ्या यंत्रणेत दोष दाखवला गेला, राखीव वेगदर्शकही बेभरवशाचा ठरला (नेमका हवा तेव्हाच!) आणि ऑटोपायलट आपोआप बंद पडला. गारपिटीतून बाहेर पडेपर्यंत वैमानिकांनी विमान हाताने चालवले. नाकाचे कवच फुटले, पण कोणालाही इजा झाली नाही.

बातमीत ‘फूट’नंतर ‘दर मिनिटाला’ हे दोन शब्द छापायला फारशी जागा लागत नाही.

– एक वाचक, सातारा