गेममधून जपानी शिकताना

महोदय,

व्हिडिओ गेम म्हणजे वेळेची नासाडी, हे मत सरसकट खरे नाही. जपानी शिकणाऱ्यांना शब्दसंग्रहासाठी त्यांचा चांगला उपयोग होतो, पण गेम नीट निवडला तरच.

बटण दाबेपर्यंत संवाद पडद्यावर थांबला पाहिजे. धावत्या मारामारीत वाक्य वाचण्याआधीच निघून जाते. 'पोकेमॉन'मध्ये ते थांबते. शिवाय २०१० च्या 'ब्लॅक' आणि 'व्हाइट'पासून मजकूर नुसत्या काना लिपीत (उच्चारानुसार लिहिण्याच्या) हवा की कांजीसह (अर्थ दाखवणाऱ्या, चिनीतून आलेल्या अक्षरांसह), हेही निवडता येते. हिरागाना आणि काताकाना या दोन्ही काना लिपी पक्क्या असल्यास कांजीच घ्यावी. नुसत्या काना लिपीत समोच्चारी शब्दांचा गोंधळ होतो आणि शब्दकोशात नेमका अर्थ सापडत नाही.

अर्धा तास पुरे. प्रत्येक अनोळखी शब्दाला थांबलात तर धड खेळ नाही, धड अभ्यास नाही. दोन-तीनदा आडवा आलेला शब्दच पूर्ण वाक्यासह वहीत उतरवावा, दिवसाला फार तर आठ-दहा. उजळणी 'अंकी'सारख्या, शब्दांची कार्डे पुन्हा पुन्हा दाखवणाऱ्या ॲपवर करावी.

खरी फसगत मेन्यूत होते. तिथले शब्द आपण वाचत नाही, त्यांची जागा ओळखतो. म्हणून तेच शब्द कागदावर लिहून वाचता येतात का, हे तपासावे. पात्रांची रांगडी बोली शिक्षकांसमोर वापरू नये, ती उद्धट वाटते. आणि एन-५ या जपानीच्या सर्वांत प्राथमिक पातळीच्या परीक्षेला 'विष', 'तलवार' कामाचे नाहीत. आठवड्याचे वार, वेळ, नातीगोती यांसाठी पाठ्यपुस्तक उघडावेच लागते.

– जपानीचे एक शिक्षक, पुणे