ज्योतीचे स्वागत रस्ता सोडून करा

महोदय,

शिवजयंती तोंडावर आली आहे. १८ फेब्रुवारीच्या संध्याकाळपासून शिवनेरी, रायगड, सिंहगड, पन्हाळा अशा गडांवरून मंडळांचे तरुण शिवज्योत घेऊन आपापल्या गावांकडे धावत निघतील. वाटेवरची गावे हलगी-ताशासह रस्त्यावर येतील. नवरात्रात तुळजापूर, कोल्हापूर आणि वणीहून निघणाऱ्या देवीच्या ज्योतींचेही असेच स्वागत होते. अपघात झाला की बोल लागतो तो ज्योत आणणाऱ्या पोरांना. आमच्या मते त्यात बघायला आणि स्वागताला उभ्या राहणाऱ्या गावांचाही मोठा वाटा आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

साधा हिशेब पाहा. जुन्नर ते पुणे हे अंतर सुमारे नव्वद किलोमीटर. दोनशे ते पाचशे मीटरवर मशाल बदलत धावणारा गट तासाला आठ किलोमीटरच्या वर जात नाही, म्हणजे कुठेही न थांबता अकरा तास. वाटेत बारा गावांनी नारळ, हार, सत्कार, सरपंचांचे दोन शब्द आणि फोटो यांसाठी पंधरा-पंधरा मिनिटे थांबवले की तीन तास गेले. इकडे गावात सकाळच्या पाळण्याची वेळ ठरलेली असते. मग ज्योत टेम्पोत चढते. उघड्या हौद्यात पेटती मशाल, शेजारी डिझेलचा कॅन, फाळक्यावर आणि टपावर पोरे आणि पहाटे तीनला डोळ्यांवर झापड आलेला चालक. कडेने धावणारा गट निदान कडेला तरी असतो. हा टेम्पो मात्र भरधाव ट्रकांच्या रांगेत शिरतो.

तेव्हा गावांनी स्वागत दोन मिनिटांत आटोपावे. एकीने ओवाळावे, बाकीच्यांनी हात जोडावेत. हार-तुरे, शाल-श्रीफळ नकोच. पाणी, केळी, गूळ-शेंगदाणे धावणाऱ्याच्या हातात द्यावेत, थांबवून नव्हे. जागा रस्त्यापासून आत असावी: शाळेचे मैदान, देवळाचे पटांगण किंवा बाजारतळ. उजेड आणि मोकळी जागा पाहून काही ठिकाणी पेट्रोल पंपासमोरच मंडप पडतो. पेटत्या मशालीची वाट पाहायला याहून वाईट जागा शोधूनही सापडणार नाही. आत जागा नसेल तर गर्दी फक्त ज्योत येते त्या डाव्या बाजूला आणि डांबर सोडून उभी करावी. दोन्ही बाजूंना माणसे असली की ज्योत दिसताच अर्धा गाव रस्ता ओलांडतो, त्यात मुले सर्वांत पुढे. वळणावर, पुलाच्या तोंडाशी किंवा चढ संपतो तिथे उभे राहू नये, कारण समोरून येणाऱ्या चालकाला गर्दी दिसेपर्यंत ब्रेक लावायला अंतरच उरत नाही. गर्दीच्या अलीकडे-पलीकडे शंभर-शंभर पावलांवर चमकत्या पट्ट्यांचे जाकीट घातलेला एकेक माणूस बॅटरी घेऊन उभा करावा.

गुलाल-भंडाऱ्याबद्दल वेगळे सांगायला हवे. बारीक कोरडी पूड हवेत उधळली आणि जवळ ज्योत असली की एका क्षणात भडका उडतो. पूड स्टार्चची असली तर विचारूच नका. तैवानमध्ये २०१५ साली रंगांच्या कार्यक्रमात अशीच पूड पेटून पंधरा जणांचे प्राण गेले. आपल्याकडे नोव्हेंबर २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या महागावात विजयी मिरवणुकीत ओवाळताना गुलाल पेटला आणि माणसे भाजली. ज्योतीवर फुले टाका, पाकळ्या टाका; पूड नको. फटाकेही नकोत, कारण मागच्या गाडीत इंधन असते.

आता मंडळांसाठी. मशालीला जुने सुती कापड घ्यावे. टेरिकॉट किंवा पॉलिस्टर वितळते आणि जळते थेंब हातावर पडतात. कापड घट्ट गुंडाळून बाईंडिंग तारेने बांधावे, सुतळीने नाही. सुतळी जळाली की पेटता बोळा धावत्या पोराच्या डोक्यावर येतो. दांडा लाकडी, तीन फुटांचा, बोळ्याखाली पत्र्याची वाटी. कापड तेलात बुडवल्यावर पिळून घ्यावे, नाहीतर तेल दांड्यावरून कोपरापर्यंत ओघळते आणि जाळ त्यामागोमाग येतो. गोडेतेल उत्तम, ते नसेल तर डिझेल. रॉकेल मिळणे अवघड झाल्यापासून काही पोरे मोटारसायकलमधून पेट्रोल काढतात. पेट्रोलची वाफ थंडीतही पेटते, त्यामुळे काडी कापडापर्यंत पोचायच्या आतच भडका होतो.

भाजण्याचा धोका मात्र पेटवतानाच नव्हे, मशाल मंदावल्यावरही असतो. ज्योत विझता कामा नये या धास्तीने कोणीतरी बाटलीने जळत्या बोळ्यावर इंधन ओततो, जाळ धारेवरून वर चढतो आणि बाटली हातातच पेटते. उपाय सोपा आहे: तीन मशाली ठेवाव्यात. एक पेटती, एक भिजवून तयार, एक थंड होत असलेली. पेटतीवरून दुसरी लावायची आणि थंड झाल्याशिवाय तिसरी भिजवायची नाही. मूळ ज्योत दोन कंदिलांत जपावी. एकदा भरलेला कंदील रात्रभर जळतो. कंदील वाळूच्या बादलीत, इंधनाचा डबा दुसऱ्या गाडीत. ऑलिंपिकची ज्योतही अशीच राखीव दिव्यांत जपतात. १९७६ साली मॉन्ट्रियलला पावसाने मुख्य ज्योत विझल्यावर एकाने सिगारेट लायटरने ती पेटवली, तेव्हा आयोजकांनी ती पुन्हा विझवून राखीव ज्योतीवरून लावली. कंदील सोबत असला की मशाल विझली तरी ज्योत अखंडच राहते आणि बाटली उचलायची पाळी येत नाही.

गडावरून उतरतानाही ज्योत कंदिलातच आणावी आणि मशाल पायथ्याशी पेटवावी. शिवनेरीच्या दरवाजांत त्या रात्री चढणारे आणि उतरणारे एकाच पायऱ्यांवर असतात. फेब्रुवारीत उतारावरचे गवत वाळलेले असते आणि मशालीच्या धुराने कड्यातली आग्यामोहळे उठतात. शिवनेरीवर मधमाश्यांनी शिवभक्तांवर हल्ला केल्याच्या बातम्या आपल्याच पानांवर आल्या आहेत.

रस्त्यावर गाडी धावणाऱ्यांच्या मागे, चारही इंडिकेटर लावून चालवावी. सगळ्या गाड्या पुढे आणि पोरे मागे, हा क्रम हमखास दिसतो तो बदलावा. ट्रकचालकाला पाठीमागून काळोखात धावणारा माणूस दिसत नाही, इंडिकेटर दिसतात. महामार्गाला सेवा रस्ता असेल तिथे तोच धरावा. चालक दोन असावेत आणि दुसऱ्याने संध्याकाळीच झोप काढलेली असावी.

राहिला प्रश्न वेळेचा. ज्योत केव्हा येणार हे ठाऊक नसल्याने गाव रात्री दहापासून दोनपर्यंत रस्त्यावर ताटकळते आणि गर्दी हळूहळू डांबरावर सरकते. मंडळांनी मार्ग, गावांची नावे आणि अंदाजे वेळा आठवडाभर आधी वाटेवरच्या पोलीस ठाण्यांना आणि ग्रामपंचायतींना लेखी द्याव्यात, आणि ज्योत मागच्या गावातून निघाली की पुढच्या गावाला फोन करावा. ग्रामपंचायतींनी त्या रात्री स्वागताच्या जागेवरचे पथदिवे चालू राहतील एवढे पाहावे.

आपले,
शिवज्योत दौडीत इंधन आणि वाहनांची जबाबदारी सांभाळणारे कार्यकर्ते
जुन्नर, जि. पुणे