गळती रात्रीच पकडता येते

संपादक महोदय,

पाणीपुरवठ्याचे व्हॉल्व्ह फिरवण्यात माझी सारी नोकरी गेली. गळती शोधायची म्हणजे लोखंडी सळईचे एक टोक पाइपावर टेकवायचे, दुसरे कानाला लावायचे आणि सूं आवाज ऐकायचा. आता दाबाचे सेन्सर आणि प्रवाह मोजणारे फ्लोमीटर आकडे थेट स्काडाच्या, म्हणजे दुरून देखरेख करणाऱ्या संगणक यंत्रणेच्या, पडद्यावर पाठवतात. पहाटे २ ते ४ च्या सुमारास वापर अगदी कमी असतो. तेव्हाही एखाद्या झोनचा प्रवाह नेहमीपेक्षा वाढलेला दिसला, तर बहुधा गळतीच! मात्र सेन्सर वेळच्या वेळी तपासले नाहीत, तर आकडे फसवतात. आणि अलार्म वाजल्यावर त्याच रात्री खोदायला निघणारी माणसे हवीत. ती पदे रिकामी ठेवून नुसते सॉफ्टवेअर घेऊ नका, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त व्हॉल्व्हमन