चार डीव्हीडी आणि तू

चि. ताईस,

नाव लिहू नका म्हणालीस, म्हणून नुसतं ताई.

प्रोजेक्टचं बाइंडिंग करायला तू दुकानात आलीस, तेव्हा मी लॅपटॉप पिशवीत घालून निघालोच होतो. 2011 चं यंत्र. हार्ड डिस्क खडखडत होती, विंडोज उघडत नव्हतं. रिपेअरवाला म्हणाला होता, "डिस्क बदलू, विंडोज मारून देऊ." कुठलं विंडोज, हे मी विचारलंही नव्हतं. लग्नपत्रिकांचं माझं जुनं सॉफ्टवेअर विंडोज 7 सोडून कशावर चालत नाही, आणि तोंडावर लग्नसराई!

तू एवढंच विचारलंस, "काका, घेतला तेव्हा रिकव्हरी डीव्हीडी केल्या होत्या का?"

केल्या होत्या, लॅपटॉपचं मूळ विंडोज परत घालायच्या त्या डीव्हीडी. घरी, मुंजीच्या सीडीच्या पाकिटात सापडल्या. चार, माझ्याच अक्षरात नंबर घातलेल्या. रिकव्हरीचं पार्टिशन, म्हणजे राखीव कप्पा, त्याच डिस्कवर असतं, डिस्क गेली की तेही जातं, हे तेव्हा कळलं.

आधी तू लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली) पेनड्राइव्हवरून लॅपटॉप चालू करून पत्रिकांच्या फाइली बाहेर काढल्यास, कारण रिकव्हरीतून फक्त मूळ विंडोज येतं, आपल्या फाइली नाहीत. नवी डिस्क म्हणून मी 250 जीबीची स्वस्त एसएसडी बघत होतो. "मूळ 500 ची होती, लहान घेतली तर रिकव्हरी अडू शकते," म्हणून थांबवलंस, तेवढीच घ्यायला लावलीस. मग एफ12 (कशावरून सुरू करायचं ते निवडायची कळ), पहिली डीव्हीडी, दुसरी. तिसरी अडकली. माझा चेहरा पडला. तू मऊ फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसलीस (मी आजवर गोल गोल पुसत आलो) आणि गाडी पुढे सरकली.

खालचा स्टिकर घासून कोरा झालेला, तरी प्रॉडक्ट की, म्हणजे त्यावरचा विंडोजचा परवाना क्रमांक, कुणी मागितला नाही. कारखान्यातलं विंडोज बायोस (लॅपटॉपच्या मदरबोर्डवरच्या चिपमधला मूळ प्रोग्राम) पाहून स्वतःच ॲक्टिव्हेट होतं म्हणे! पहिल्या दिवशीचा वॉलपेपर आला, आणि मुदत कधीच संपलेला तो अँटीव्हायरसही, 'फुकट वापरून बघा' म्हणत.

इंटरनेट जोडलेलं नाही. विंडोज 7 चे अपडेट जानेवारी 2020 मध्येच थांबले, हे तू दोनदा बजावलंस. चारही डीव्हीडींच्या आयएसओ, म्हणजे फाइलीतल्या हुबेहूब नकला, पेनड्राइव्हवर घेतल्यात, तो घरच्या कपाटात आहे.

पैसे घेतले नाहीस, निदान तुझं बाइंडिंग तरी ने. तयार होऊन पडलंय.

तुझा,
डीटीपीवाला काका