क्लास ए, बी, सी आता पुरे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नवं सत्र तोंडावर आहे. बडोद्यातल्या मराठी घरांमधली बरीच मुलं यंदाही संगणक अभियांत्रिकीला किंवा बीसीएला जातील आणि 'कॉम्प्युटर नेटवर्क्स'चा पहिला पेपर त्यांच्या वाट्याला येईल. हा विषय शिकवणारे आणि नेटवर्क उभारणीचं काम करणारे आम्ही काही जण त्याबद्दल हे लिहीत आहोत.

आयपी पत्ता म्हणजे नेटवर्कवरच्या यंत्राचा क्रमांक. या पत्त्यांचे क्लास ए, बी, सी, म्हणजे ठरावीक आकाराचे गट, हा प्रश्न परीक्षेत अजून हमखास येतो. ही पद्धत १९८१ ची. १९९३ मध्ये सीआयडीआर, म्हणजे गटाचा आकार गरजेप्रमाणे ठरवायची पद्धत, आली आणि क्लास मोडीत निघाले. इतिहास म्हणून पाच मिनिटं द्यायला हरकत नाही, पण पत्ते वाटायलाही त्यावरूनच शिकवलं की काय होतं ते पाहा.

समजा, एका कार्यालयात १९२.१६८.१०.० या २५६ पत्त्यांच्या नेटवर्कचे /२६ ने (पत्त्याचे पहिले २६ बिट नेटवर्कचे) चार सबनेट, म्हणजे छोटे भाग, केले आहेत. प्रत्येकात ६४ पत्ते. पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, म्हणजे सगळ्यांना एकदम हाक मारण्याचा, वापरायला उरले ६२. शेवटी ७७ असलेला पीसी दुसऱ्या सबनेटमधला, म्हणजे ६४ ते १२७ मधला. त्याचा मास्क, म्हणजे पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा, हवा २५५.२५५.२५५.१९२. मुलगा विंडोजमध्ये पत्ता टाकून टॅब दाबतो, आणि विंडोज जुन्या क्लासच्या हिशेबाने २५५.२५५.२५५.० भरून मोकळं होतं. 'क्लास सी' पाठ असल्यामुळे त्यात काही चुकलंय असं मुलाच्या मनातही येत नाही. इंटरनेट चालतं, मेल येते. फक्त पहिल्या सबनेटमधला, शेवटी १० असलेला प्रिंटर सापडत नाही. पीसीला तो आपल्याच सबनेटमध्ये आहे असं वाटतं, म्हणून पॅकेट सबनेट जोडणाऱ्या राउटरकडे न देता पीसी एआरपीने 'हा पत्ता कोणाचा?' असं विचारत बसतो, आणि ही हाक राउटरच्या पलीकडे जातच नाही. मग केबल बदला, ड्रायव्हर पुन्हा टाका, प्रिंटरवाल्याला बोलवा! पिंग (समोरचं यंत्र उत्तर देतं का ते पाहणारी आज्ञा) केल्यावर 'होस्ट अनरीचेबल' हे उत्तर पीसीच्या स्वतःच्याच पत्त्यावरून येतं. तेवढी एक ओळ नीट वाचायला शिकवलं असतं तर काम दोन मिनिटांचं होतं.

ओएसआय या नेटवर्कच्या आराखड्याचे सात थर शिकवावेत, पण एका तासात. ते मानक १९८४ चं आहे. त्याआधीच, १ जानेवारी १९८३ ला, इंटरनेटचा पूर्वज असलेलं अर्पानेट टीसीपी-आयपीवर, म्हणजे इंटरनेट आजही ज्यावर चालतं त्या नियमांवर, गेलं होतं.

असे वाचवलेले तास वायरशार्कला, म्हणजे नेटवर्कवरून जाणारी पॅकेट्स टिपून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला, द्यावेत. ते फुकट मिळतं. एआरपी आणि डीएनएसची (संकेतस्थळाच्या नावावरून आयपी पत्ता सांगणारी सेवा) कॅश, म्हणजे साठवलेली जुनी उत्तरं, रिकामी करून एकच संकेतस्थळ उघडलं की आधी एआरपी, मग डीएनएसची विचारणा, मग जोडणी करणारी सिन, सिन-ॲक, ॲक ही तीन पॅकेट्स आणि त्यानंतर मजकूर गुप्त करणारं टीएलएस असं ओळीने समोर येतं. घोकंपट्टीची गरज उरत नाही. ब्राउझरमध्ये सुरक्षित डीएनएस (विचारणा गुप्त करून पाठवणारं) चालू असेल तर मात्र पोर्ट ५३ वर, म्हणजे डीएनएसच्या नेहमीच्या वाटेवर, काहीच दिसत नाही. प्रयोगापुरतं ते बंद ठेवावं. आणखी एक गोंधळ ठरलेला. पुस्तकात इथरनेटची, म्हणजे केबलवरच्या नेटवर्कची, सर्वांत मोठी फ्रेम (एका वेळी पाठवायचा तुकडा) १५१८ बाइटची, पडद्यावर दिसते १५१४. शेवटचे ४ बाइट चूक तपासण्यासाठी असतात. साधारणपणे ते नेटवर्क कार्डापाशीच संपतात, वायरशार्कपर्यंत पोचत नाहीत. बाहेर जाणारी पॅकेट्स तर कधी कधी याच्या कितीतरी पट मोठी दिसतात, कारण तुकडे करायचं काम कार्डावर सोपवलेलं असतं आणि कॅप्चर, म्हणजे वायरशार्कची नोंद, त्याच्या अलीकडे होतं. एखाद्या मुलाने हे विचारलं तर त्याला 'पुस्तकात आहे तेच लिही' म्हणू नये.

केबलचंही तसंच. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये याच शहरात कलाभवन काढलं ते हातांना काम यावं म्हणून. इथल्या मुलांनी आरजे-४५ चं क्रिंपिंग, म्हणजे नेटवर्क केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवणं, फळ्यावर शिकावं हे काही शोभत नाही. टी५६८बी या मानकाप्रमाणे आठ तारांचा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याची जोडी ३ आणि ६ वर जाते, आणि मुलं चुकतात ती नेमकी इथेच. रंगांच्या जोड्या सरळ ओळीने, दोन्ही टोकांना सारख्या लावल्या की स्वस्तातल्या टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागतात, कारण तो फक्त तार जोडलेली आहे का एवढंच बघतो. पण आता ३ आणि ६ वरच्या तारा एकमेकींना पिळलेल्या नसतात, त्यामुळे शेजारच्या जोडीचा सिग्नल त्यांत मिसळतो. मीटरभर केबल चालून जाते. तीच चूक साठ मीटरच्या केबलमध्ये केली की वेग कोसळतो. टोकाशी पीळही १३ मिलिमीटरपेक्षा जास्त सोडू नये.

आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी, लांब पद्धत, शेवटच्या युनिटमध्ये कोंबून वेळेअभावी गाळतात. मुलांच्या खिशातल्या मोबाइलवर ते रोज चालतं, तेव्हा सबनेटिंगच्या जोडीनेच घ्यावं.

अभ्यासमंडळांना विनंती एवढीच की, निदान प्रात्यक्षिकाचे गुण जर्नलच्या सुवाच्य अक्षराला देऊ नयेत. प्रत्येकाने आपल्या पीसीवर घेतलेलं कॅप्चर जोडावं. त्यात मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) आणि वेळ आपोआप येते, त्यामुळे शेजाऱ्याची फाइल उचलली तर लगेच कळतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोंडी परीक्षेच्या आधी एका पीसीचा मास्क बदलून ठेवावा आणि दोष शोधायला दहा मिनिटं द्यावीत.

आपले,
नेटवर्किंगचे काही शिक्षक व तंत्रज्ञ,
दांडिया बाजार, वडोदरा