टेबल टेनिसची उन्हाळी शिबिरे आणि मुलांचे कोपर

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शाळांच्या परीक्षा आटोपल्या की इंदुरात टेबल टेनिसच्या उन्हाळी शिबिरांची लगबग सुरू होते आणि त्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येऊ लागतात. त्यांत बहुधा एखादा आठ-नऊ वर्षांचा मुलगा हात खांद्यापासून सरळ ताणून, कोपर जवळजवळ कानापर्यंत उचलून चेंडू मारताना दिसतो आणि खाली ‘जोरदार फटका’ अशी ओळ असते. चित्र देखणे असते, यात शंका नाही. परंतु ज्याने हा खेळ काही वर्षे खेळला आहे, त्याची नजर त्या उचललेल्या कोपरावरच अडते. शिबिरांत जाऊन पाहावे तर कडेला उभे असलेले पालक, आणि कधी कधी स्वतः शिकवणारेही, ‘मनगट मार, मनगट मार’ असे ओरडत असतात. माझे म्हणणे एवढेच आहे की, नवशिक्या मुलाला मनगटाविषयी काहीही सांगू नये; पहिले काही महिने त्याचे कोपर, त्याची कंबर आणि त्याचे पाय यांवरच खर्ची घालावेत.

हे म्हणणे केवळ आवडीनिवडीचे नाही. फोरहँडचा, म्हणजे बॅट धरलेल्या हाताच्या बाजूने मारायचा फटका हाताने मारला जातो असे दिसते, पण त्याची सुरुवात पायांत होते. उजव्या हाताने खेळणाऱ्याचे वजन प्रथम उजव्या पायावर येते, कंबर आणि खांदे उजवीकडे वळतात आणि मग पाय, कंबर, धड, दंड, कोपरापुढचा हात व सर्वांत शेवटी मनगट या क्रमाने वेग बॅटपर्यंत पोहोचतो. आधीचा भाग मंदावू लागतो तेव्हा त्याच्या पुढचा भाग वेग घेतो. यात कोपराचे काम फार नाजूक आहे. हात कोपरात साधारण काटकोनात किंवा त्याहून किंचित मोकळा वाकलेला असेल, तर दंड स्वतःच्या अक्षाभोवती आतल्या बाजूला वळताच कोपरापुढचा हात बिजागरीवर दार फिरावे तसा पुढे येतो आणि टोकाला असलेल्या बॅटला वेग मिळतो. हात सरळ ताणलेला असेल, तर दंडाच्या त्याच वळण्याने बॅट पुढे सरकत नाही. ती जागच्या जागी कलते, म्हणजे तिचा कोन तेवढा बदलतो. वेग मिळत नाही आणि कोन मात्र हलतो, असा हा दुहेरी तोटा आहे. त्याच मुलाचा एक चेंडू जाळीत आणि दुसरा टेबलाबाहेर का जातो, याचे उत्तर पुष्कळदा येथेच सापडते. शिवाय ताणलेला लांब हात फिरवायलाही जड आणि परत आणायलाही जड, त्यामुळे पुढचा चेंडू येईपर्यंत मुलगा तयारच नसतो.

यावर चिनी खेळाडूंचे उदाहरण हमखास पुढे केले जाते. वांग लिचिन किंवा मा लाँग यांचा हात मागे जाताना जवळजवळ सरळ होतो, हे खरे आहे. परंतु मोबाइलवर ते दृश्य पाहणाऱ्याने पुढचा भागही पाहावा: हात पुढे येताना कोपरात मिटत जातो आणि फटका संपतो तेव्हा बॅट कपाळाच्या आसपास असते. त्या सरळ हाताला फिरवण्यासाठी वर्षानुवर्षे कमावलेल्या मांड्या आणि कंबर त्यांच्यापाशी असतात, तिसरीतल्या मुलापाशी नसतात.

मनगटाला महत्त्व नाही, असे मला म्हणायचे नाही. सर्व्हिसमध्ये ते असतेच, आणि टेबलावर पडलेला आखूड चेंडू बॅकहँडने (म्हणजे हाताची मागची बाजू चेंडूकडे करून) फ्लिक करताना, म्हणजे झटक्याने मारताना तर त्याच्यावाचून चालत नाही. पण चेंडू आणि रबर यांचा स्पर्श सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास टिकतो. तेवढ्या वेळात मनगटाने काही ‘करायचे’ असे उरलेले नसते. जे घडायचे ते स्पर्शाच्या आधी घडून गेलेले असते. मूठ सैल ठेवली आणि कोपरापुढचा हात नीट फिरला तर मनगट आपोआप मागे राहून शेवटी पुढे येते. मुद्दाम मारायला सांगितले की मूल मूठ आवळते आणि आवळलेल्या मुठीने मनगटाची उरलीसुरली हालचालही बंद होते.

मनगटाचा हा आग्रह माझ्या मते आमच्या पिढीकडून आला आहे. आम्ही 38 मिलिमीटरच्या चेंडूवर खेळलो. तो लहान चेंडू मनगटाच्या झटक्याने गरगरत असे, आणि पुढे खेळाआधी रबराखाली लावायच्या स्पीड ग्लू या गोंदाने ती गरगर आणखी वाढवली. 2000 साली चेंडू 40 मिलिमीटरचा झाला, 2008 मध्ये तो ग्लू बंद झाला आणि 2014 पासून सेल्युलॉइडऐवजी प्लॅस्टिकचा, आकाराने आणखी किंचित मोठा चेंडू आला. मोठ्या चेंडूला फिरकी कमी मिळते आणि हवेत त्याचा वेगही लवकर कमी होतो. म्हणून आजच्या टॉपस्पिनमध्ये, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणाऱ्या फटक्यात, कंबर आणि पाय यांचा वाटा पूर्वीपेक्षा जास्त आहे. साधन बदलले की हाताला बदलावेच लागते. 1952 साली मुंबईत भरलेल्या जागतिक स्पर्धेत जपानचा हिरोजी सातो स्पंज लावलेली बॅट घेऊन आला आणि पुरुष एकेरीचे विजेतेपद घेऊन गेला, तेव्हा कडक रबराच्या ठकठकीवर वाढलेल्या भल्याभल्यांचे अंदाज चुकले होते. त्या मानाने आपल्याला बदलायला पुष्कळ सवड मिळाली आहे.

बॅकहँडबद्दल थोडक्यातच सांगतो. तेथे कोपर शरीरापासून साधारण वीतभर पुढे हवे. ते बरगडीला चिकटले तर हाताला उघडायला जागा राहत नाही, आणि बाहेर उचलले गेले तर बॅटचा कोन बिघडतो.

आता ज्या गोष्टीकडे आयोजकांचे अजिबात लक्ष नसते, ती सांगतो. टेबलाची उंची 76 सेंटिमीटर असते, आणि सव्वाशे सेंटिमीटर उंचीच्या मुलाचे कोपर उभे राहिल्यावर साधारण तेवढ्याच उंचीवर येते. गुडघे वाकवून नीट पवित्रा घ्यावा तर ते टेबलाच्याही खाली जाते. मग टेबलाची कड टाळण्यासाठी मूल बिचारे खांदा आणि कोपर उचलणार नाही तर काय करील? त्याला दहा वेळा ‘कोपर खाली’ म्हणून दटावण्यापेक्षा सुताराकडून लाकडी फळ्यांचा लांब-रुंद, न हलणारा ओटा करून घ्यावा आणि लहान मुलांना त्यावर उभे करावे. ओटा इतका ऐसपैस हवा की, दोन पावले इकडेतिकडे करताना पाय खाली पडता कामा नये. दुसरा प्रश्न बॅटचा. पालक हौसेने जाड स्पंजची महागडी रबरे लावून देतात. अशी बॅट 180 ग्रॅमच्या पुढे जाते आणि लहान मनगटाला ती पेलवत नाही. सुरुवातीला दीड मिलिमीटर स्पंज आणि हलके लाकूड पुरे आहे. यात दुकानदाराचे नुकसान असेल, मुलाचे नाही.

ज्या शहरात अभय प्रशालसारखे खेळांचे बंदिस्त सभागृह उभे आहे, तेथे जागेची किंवा टेबलांची सबब कोणी सांगू नये. उणीव आहे ती सबुरीची. शिबिराच्या शेवटी स्पर्धा ठेवलेली असते, म्हणून दुसऱ्याच आठवड्यात मुले गुण मोजू लागतात, आणि गुण मोजू लागलेले मूल नवा फटका कधीही वापरत नाही. ते चेंडू कसाबसा पलीकडे ढकलते. त्याऐवजी पहिले पंधरा दिवस आरशासमोर शॅडो प्रॅक्टिस, म्हणजे चेंडूशिवाय फटक्याचा सराव, मग बादलीभर चेंडू घेऊन सावकाश दिलेला मल्टिबॉल, म्हणजे एकामागून एक चेंडू देऊन करवून घेतलेला सराव, आणि प्रत्येक फटक्यानंतर हात तेथेच थांबवून बॅट व कोपर कोठे आहेत हे मुलाने स्वतः पाहणे, एवढे केले तरी पुष्कळ होईल. स्पर्धा दिवाळीच्या सुट्टीत घ्यावी.

शिबिरांच्या आयोजकांना आपल्या पत्रामार्फत माझी विनंती आहे की, जाहिरातीत शुल्क आणि टी-शर्ट यांबरोबरच एका टेबलामागे किती मुले असतील आणि लहान मुलांसाठी ओट्याची सोय आहे की नाही, हेही छापावे. आणि पालकांनी पैसे भरण्यापूर्वी ते विचारून घ्यावे.

कळावे,
आपला एक वाचक व जुना टेबल टेनिसपटू,
रामबाग, इंदूर