पांघरूण बाजूला करणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

परवा नागपूरच्या धंतोलीत व्हिडिओ ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख आणि सोबत रुग्णाचं चित्रण) काढताना तुम्ही जे केलंत ते अहवालात कुठेच येणार नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

अपस्माराचा, म्हणजे फिटचा, झटका सुरू होताच तुम्ही रुग्णाच्या अंगावरचं पांघरूण ओढून बाजूला केलंत. बस्स, एवढंच. पण त्यामुळे दोन्ही हात कॅमेऱ्यात आले. उजवा हात शर्टाच्या बटणाशी चाळा करतोय, डावा मनगटात वळून ताठ झालाय. टेम्पोरल लोबच्या, म्हणजे कानशिलामागच्या मेंदूच्या भागाच्या, फिटमध्ये असा ताठरणारा हात बहुतेक वेळा बिघाडाच्या विरुद्ध बाजूचा असतो, म्हणजे संशय उजव्या मेंदूवर. मग तुम्ही "कुलूप" हा शब्द लक्षात ठेवायला सांगितलात आणि झटका ओसरल्यावर विचारलात. शब्द आठवला नाही, पण नाव-गाव लगेच स्वच्छ सांगता आलं. बोलण्याचं केंद्र बहुतेकांचं डाव्या मेंदूत असतं आणि बोलणं तर शाबूत होतं, तेव्हा हाही उजव्या बाजूलाच दुजोरा.

याआधी एका ठिकाणी वीस मिनिटांचा जागेपणीचा ईईजी काढून 'नॉर्मल' लिहून मोकळे झाले होते. हिप्पोकॅम्पस हा स्मृती सांभाळणारा भाग टेम्पोरल लोबच्या आतल्या अंगाला, खोल असतो. तिथली गडबड डोक्यावरच्या इलेक्ट्रोडपर्यंत दर वेळी पोचत नाही, आणि पोचलीच तर झोपेत जास्त दिसते. म्हणून तुमच्याकडे आदल्या रात्रीचं जागरण, तेल न लावता धुतलेले केस, कानशिलांजवळ दोन जादा इलेक्ट्रोड. शिवाय नागपूरचा मे महिना! घामानं ईईजीच्या रेषा लाटांसारख्या डुलायला लागतात. तुमच्या खोलीतला एसी कुणाला चैन वाटत असेल तर वाटू दे बाप्पा.

त्या आधीच्या ठिकाणी प्रश्नही दोनच विचारले गेले : पडला का, फेस आला का? टेम्पोरल लोबच्या अपस्मारात बऱ्याचदा दोन्ही होत नाही. पोटातून काहीतरी वर चढतं, विचित्र वास येतो, विनाकारण भीती दाटते किंवा 'हे सगळं आधी घडलंय' असं वाटतं. मग नजर शून्यात, ओठांची चपचप, मिनिट-दोन मिनिटांत संपलं. घरचे त्याला गॅस म्हणतात, नाहीतर बाहेरचं. लिहून घेणाऱ्याने तरी तसं म्हणू नये.

एमआरआयचीही तीच गत. जाड, आडव्या कापांत हिप्पोकॅम्पस निसटतो. त्याच्या लांबीला काटकोनात पातळ काप घ्यावे लागतात, व्रण उजळ दाखवणारी 'फ्लेअर' प्रतिमा लागते. तुमचा व्हिडिओ पाहून तसा एमआरआय पुन्हा करवला, तेव्हा उजवा हिप्पोकॅम्पस आक्रसलेला आणि पांढरा चमकणारा दिसला. पेशी मरून जागी व्रण उरतो, तो हा. जर्मनीच्या झोमर यांनी ही पेशीहानी 1880 मध्येच नोंदवली होती, तेव्हा 'नवीन आजार आहे' ही सबब चालायची नाही.

आणखी एक. नातेवाइकांनी चप्पल नाकाशी नेली तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत. "राहू द्या काका, घड्याळ बघा आणि मला वेळ सांगा," म्हणालात. घाबरलेल्या माणसाच्या हाताला काम दिलंत. असा चांगुलपणा कुठल्या डिप्लोमात शिकवत नाहीत.

पुढचं आता आमच्याकडे. नीट निवडलेली, पुरेशा मात्रेत दिलेली दोन औषधं चालली नाहीत, की शस्त्रक्रियेसाठी तपासणी करायची असते, दहा वर्षं थांबायचं नसतं. 2001 मध्ये कॅनडात 80 रुग्णांवर झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर शुद्ध हरपणाऱ्या झटक्यांपासून मुक्त असलेले शस्त्रक्रियेच्या गटात 58 टक्के होते, नुसत्या औषधांच्या गटात 8 टक्के. डाव्या बाजूला हात घालताना शब्दांची स्मृती जाण्याचा धोका जास्त. इथे बाजू उजवी आहे, तरी स्मृतीच्या चाचण्या आधी होतीलच.

जाता जाता एक विनंती. पायथ्याकडचा कॅमेरा वीतभर वर घ्यायला सांगा; पलंगाच्या कठड्याआड डावा पंजा मधूनमधून झाकला जातो.

आपला,
तुमची रेकॉर्डिंग वाचणारा एक डॉक्टर